सहा आकड्यांची बाटली

आमच्या सरांना औषधाचं नाव घेतलेलं खपत नसे. हॉस्पिटलच्या औषधविभागाच्या मुख्य फार्मासिस्टला औषधांच्या नावांचाच तिटकारा असावा, हे आज सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. पण मी त्यांच्या हाताखाली काही वर्षं काढली आहेत. माझे केस वेळेआधी का पिकले असं कुणी विचारलं, तर मी सरळ त्या वर्षांकडे बोट दाखवते.

ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात होती. वाशीला तेव्हा सगळे न्यू बॉम्बे म्हणायचे. इमारती उभ्या राहिल्या होत्या, पण रस्ते अर्धे झालेले, दुकानं मोजकी, आणि कुठलंही धड औषध हवं असलं की बसने खाडीपूल ओलांडून मुंबईला जावं लागायचं. आमचं हॉस्पिटल एका ट्रस्टचं होतं, नवं होतं, आणि तळोजाच्या कारखान्यांतल्या कामगारांपासून उरणच्या मिठागरांवरच्या लोकांपर्यंत सगळे तिथे येत. मी नुकतीच फार्मसी पास झाले होते. लग्न होऊन परळच्या चाळीतून वाशीच्या नव्या फ्लॅटमध्ये आले होते आणि घरापासून चालत जाता येईल अशी नोकरी मिळाली म्हणून स्वतःला नशीबवान समजत होते. हा समज पहिल्या सोमवारी दुपारपर्यंत टिकला.

दुपारी वॉर्डमधली एक सिस्टर धावत खिडकीशी आली आणि सलाइनची बाटली मागितली. सर उठले, खिडकीशी गेले, आणि शांतपणे म्हणाले, "नाव नको. आत काय आहे ते सांगा." सिस्टरने मीठपाणी असं सांगितलं. किती टक्के, सरांनी विचारलं. मग शिरेतून का, किती मिलिलिटरची, सोबत साखर आहे का. सिस्टर बिचारी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उत्तरं देत होती. सगळी उत्तरं मिळाल्यावर सरांनी एका कार्डावर आकडे लिहिले, ते कार्ड माझ्याकडे दिलं आणि म्हणाले, "बाई, हे काढा." कपाटं माझ्या मागे होती. त्यांच्यावर एकही नाव नव्हतं, सगळीकडे आकडे. मला बाटली सापडेपर्यंत सिस्टर आत येऊन स्वतः घेऊन गेली होती.

सर दिसायला अगदी साधे. बारीक अंगकाठी, राखाडी सफारी, वरच्या खिशात पेनाशेजारी एक भिंग. ते भिंग बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायला होतं, पण बाटल्यांपुरतं थांबत नसे. चहाबरोबर बिस्किटाचा पुडा आला की आधी पुड्याची पाठ वाचून होई, तोवर चहावर साय धरे. माझ्या बहिणीच्या लग्नाला आले होते, तिथे पंगतीत बसण्याआधी त्यांनी थंड पेयाच्या बाटलीचं झाकण भिंगाखाली धरलं आणि त्यावर काहीच लिहिलेलं नाही म्हणून ते पेय घेतलं नाही. वरपक्षाकडच्या एका काकांनी मला विचारलं, हे पोलिसात आहेत का.

त्यांचं म्हणणं असं होतं, आणि ते शांत वेळी ऐकलं तर पटायचंदेखील, की औषधाचं नाव हे कंपनीने विकायला ठेवलेलं असतं. त्याने आतलं काही कळत नाही. एकाच औषधाची दहा नावं असतात आणि एकाच नावाखाली कंपनी वाटेल तेव्हा आतलं बदलते. म्हणून प्रत्येक औषधाला एक आकडा हवा, आणि त्या आकड्यातला प्रत्येक अंक काहीतरी सांगणारा हवा. पहिला अंक औषध कुठून द्यायचं त्याचा, तोंडातून, स्नायूतून की शिरेतून. दुसरा ते काय आहे त्याचा. पुढचे दोन किती जोराचं आणि बाटली किती मोठी, याचे. आकडा वाचला की औषध डोळ्यांपुढे उभं राहिलं पाहिजे. अडचण एवढीच होती की ते फक्त त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहायचं.

तरी सुरुवातीला कोड चार आकडी होता आणि माणसाला निदान पाठ करता यायचा. सगळा घोळ अमिनो अ‍ॅसिडच्या बाटल्यांनी केला.

ज्या पेशंटला तोंडाने काही घेता येत नाही, त्याला साखरपाण्यावर काही दिवस तगवता येतं. पण शरीर भरून यायचं तर प्रथिनं लागतात. ती सरळ रक्तात सोडता येत नाहीत, म्हणून त्यांचे सुटे केलेले घटक, म्हणजे अमिनो अ‍ॅसिड, पाण्यात विरघळवून बाटलीत भरतात आणि शिरेतून देतात. तेव्हा ह्या बाटल्या महाग आणि दुर्मिळ. आमच्याकडे कपाटाच्या एका खणात मोजक्या असायच्या आणि कित्येक आठवडे त्यांना कुणी हात लावायचं नाही. त्या बाटल्यांवर सरांचा जीव जडला होता.

कारण त्या कोडमध्ये बसत नव्हत्या. कुणात टक्केवारी वेगळी, कुणात सोबत सॉर्बिटॉल नावाची साखर, कुणात क्षार मिसळलेले. मूत्रपिंडाच्या पेशंटसाठी निराळी बाटली, यकृतवाल्यांसाठी निराळी. सरांनी आधी सॉर्बिटॉलसाठी एक जास्तीचा अंक काढला. मग क्षारांसाठी आणखी एक. आणि सगळ्या औषधांचे आकडे सारख्या लांबीचे हवेत, म्हणून आमच्या विभागातल्या प्रत्येक गोळीला, मलमाला, डोळ्यांच्या थेंबांना ते दोन अंक चिकटले. सगळी कार्डं नव्याने लिहायची. पॅरासिटॅमॉलच्या गोळीत सॉर्बिटॉल नाही, हे आम्ही दिवसभर शून्य लिहून लिहून जाहीर करत होतो. मी एकदा वैतागून म्हटलं की सर, हे कुणी विचारलेलंच नाही. ते म्हणाले, विचारलं तर उत्तर तयार असलेलं बरं.

परदेशात कुठेतरी जगातल्या सगळ्या औषधांना एकच सामायिक कोड देण्याचं काम सुरू झालंय, हे त्यांना एका मासिकातून कळलं तेव्हा ते आठवडाभर आनंदात होते. कॅन्टीनमधून स्वतःच्या खर्चाने सगळ्यांना भजी मागवली. पत्र पाठवून त्यांनी ती पुस्तिका मागवली. ती आली, त्यांनी ती उभ्या उभ्या उघडली, अमिनो अ‍ॅसिडचं पान काढलं आणि खाली बसले. तिथे शिरेतून द्यायच्या अमिनो अ‍ॅसिडच्या सगळ्या बाटल्यांना मिळून एकच कोड होता. सॉर्बिटॉल असो नसो, क्षार असोत नसोत, सगळ्या एका खोलीत कोंबलेल्या. सरांनी त्या लोकांना लांबलचक पत्र लिहिलं, ते मीच टाइप केलं, आणि माझी बोटं दुखली. पुढे उत्तरही आलं, फार सभ्य. त्यांची पद्धत कुठल्या देशात कुठलं औषध किती वापरलं जातं ते मोजण्यासाठी आहे, खिडकीतून बाटली काढून देण्यासाठी नाही, असं त्यात होतं. सर म्हणाले, म्हणजे हे काम आपल्यालाच करावं लागणार. 'आपल्याला' म्हणजे कोणाला हे मला विचारावं लागलं नाही.

हा छळ ऑफिसात संपला असता तरी चाललं असतं. पण सर आमच्याच सोसायटीत, शेजारच्या विंगमध्ये राहत आणि कमिटीवर होते. पाण्याची तेव्हा बोंब होती. कुठल्या विंगचं पाणी कधी सोडायचं ते वॉचमन व्हॉल्व्ह फिरवून ठरवायचा. सरांनी सगळ्या व्हॉल्व्हवर तैलरंगात आकडे घातले, त्यात विंग, मजला, पाइपची जाडी, सगळं होतं. वॉचमनने ते आकडे लहानाकडून मोठ्याकडे असे ओळीने फिरवले आणि आमच्या विंगला दोन दिवस थेंब आला नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये लोक तुटून पडले तेव्हा सरांच्या मिसेस मागच्या खुर्चीवरून एवढंच म्हणाल्या की ह्यांना घरात स्वतःचा बनियन सापडत नाही, तुम्ही ह्यांच्या हातात पाणी कशाला दिलंत.

आता निवृत्त झाल्यावर मी औषधाच्या दुकानात जाते, तर पोरगा बाटली यंत्रापुढे धरतो, टुक असा आवाज होतो आणि सगळं पडद्यावर येतं. तेव्हा मला सरांची आठवण होते आणि रागही येतो. त्यांच्याजवळ यंत्र नव्हतं, म्हणून यंत्राच्या जागी मी होते.

पण मला सांगायचंय ते हिराबाईचं.

हिराबाई उरणच्या बाजूची, मिठागरावर काम करणारी बाई. तिला टायफॉइडचा ताप आला, अंगावर काढला, आणि आतडं फुटलं. आमच्या सर्जननी ऑपरेशन केलं, पण शिवलेली जागा धरेना. पोटातून पाणी झिरपायला लागलं. सर्जन तरुण होते, तापट होते आणि कामात चांगले होते. त्यांनी सांगितलं की ही जागा आपोआप बंद होऊ शकते, पण तोवर तोंडातून घोटभरसुद्धा काही द्यायचं नाही. महिना लागेल, जास्तही लागेल. मानेजवळच्या मोठ्या शिरेत नळी घातली. साखरपाणी भरपूर होतं. पण रोज अमिनो अ‍ॅसिडची बाटली मिळाली नाही तर ती बाई झिजून जाईल आणि आतलं काही भरून येणार नाही, हे त्यांनी तिचा नवरा धर्मा याला आणि आम्हाला स्पष्ट सांगितलं.

आमच्या कपाटातल्या बाटल्या चार दिवसांत संपत आल्या. अशा वेळी सगळीकडे करतात तेच आम्ही करायचो. नातेवाइकांच्या हातात चिठ्ठी द्यायची आणि मुंबईला दवाबाजारात पाठवायचं. सर्जननी चिठ्ठीवर कंपनीचं नाव लिहिलं होतं. ती चिठ्ठी नियमाप्रमाणे आमच्या खिडकीवर आली, सरांनी ते नाव खोडलं आणि आपला सहा आकडी कोड लिहिला. मी तेव्हा जेवायला गेले होते.

धर्मा सकाळच्या बसने गेला आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने परत आला. उंच, काळासावळा, मोजकं बोलणारा माणूस. खिडकीशी येऊन त्याने चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. दुकानामागून दुकानं फिरला, कुणालाच ते वाचता येईना. शेवटी एका दुकानदाराने सांगितलं की हे औषध नाही, टेलिफोन नंबर आहे, लावून बघ. मुंबईचे नंबर तेव्हा सहा आकडीच असायचे.

"मॅडम, फोन लावला मी," धर्मा म्हणाला. "येक म्हातारी बोलली. मी बोललू, बाटल्या पायजेत. ती बोलली, बाटल्या कालच दिल्या, आता फुडच्या म्हयन्यान ये."

त्या बाईला तो भंगारवाला वाटला होता. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी पोट धरून हसले असते. पण कपाटात शेवटची बाटली होती, आणि हा माणूस दिवसभर उपाशी फिरून आला होता, आणि अजून त्याला वाटत होतं की आपलंच काहीतरी चुकलं. मी ती चिठ्ठी उचलून सरांच्या टेबलावर आपटली. तेवढ्यात सर्जन आले. ते जे बोलले ते मी लिहीत नाही.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले की ह्या नावाच्या बाटल्या बाजारात दोन तऱ्हेच्या आहेत, एकीत सॉर्बिटॉल आहे. आणि दुकानदार तर तिसरीच काहीतरी देऊन सांगेल की सेमच आहे. सर्जन म्हणाले, मला प्रोटीन हवंय, तुमचं सॉर्बिटॉल तुम्ही बघा. सर म्हणाले, "तेच म्हणतोय. उद्या मी जातो."

आणि गेले. धर्माला बरोबर घेऊन पहिल्या बसने गेले, आणि दिवसभर खिडकी, कार्डं, फोन, सगळं माझ्या गळ्यात टाकून गेले. संध्याकाळी दोघं परत आले तेव्हा पिशवीत दोनच बाटल्या होत्या. मिळाल्या नाहीत का, असं मी विचारलं, तर धर्मा सरांकडे बघत हळू म्हणाला, "येका दुकानान खोका भरून व्हत्या. सरांनी वाचल्या नि परत ठेवल्या. दुसरीकडं उन्हान धरून बघल्या, बोलले रंग बदललाय. मी काय बोलनार."

रंग बदललेल्या बाटल्या नाकारल्या हे बरोबरच होतं, ते मलाही कळत होतं. पण तो खोका? त्यात सॉर्बिटॉल होतं, सर म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

पुढचे दोन आठवडे हेच चाललं. दर दोन-तीन दिवसांनी दोघं जायचे, एक, दोन, कधी तीन बाटल्या घेऊन यायचे. सरांची रजा संपली तेव्हा ते बिनपगारी गेले. मला त्यांचं कौतुक वाटायला हवं होतं. मला फक्त राग येत होता. हिराबाईला मी रोज जाता-येता बघत होते. गालफडं वर आली होती, आणि शेजारच्या खाटेवरचा डबा उघडला की ती तोंड भिंतीकडे करायची.

मग एक दिवस ते काहीच न घेता आले. बाजारात बाटल्या होत्या, पण सगळ्या सॉर्बिटॉलच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, दुपारीच पुन्हा तसेच आले. हिराबाई त्या दोन दिवसांत नुसत्या साखरपाण्यावर होती. धर्मा खिडकीखालच्या बाकावर बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. तो आयुष्यात कधी कुणाशी भांडला नसावा, आणि सरांनी तर त्याच्यासाठी पायपीट केली होती, मग तो भांडणार कसा. त्याच्या वाट्याचं भांडण मला करावं लागलं.

"सर," मी म्हटलं, "ती बाई तुमच्या एका शून्यासाठी मरणार आहे का?"

मला वाटलं ते भिंग काढतील, पुस्तिका काढतील, मला शिकवतील. ते म्हणाले, "बाई, मला भीती वाटते."

कशाची, मी विचारलं. त्यांनी सांगितलं की काही माणसांच्या शरीराला साखरपाण्यातलं ग्लुकोज चालतं, पण ही सॉर्बिटॉलची साखर पचवताच येत नाही. जन्मतःच तसं असतं आणि त्यांचं त्यांनाही ठाऊक नसतं. शिरेतून गेली तर यकृत बंद पडतं. त्यांनी परदेशी मासिकात वाचलं होतं. लाखात एखादं माणूस असं असेल, पण ती हिराबाई नाही हे कशावरून? बाटलीवर सगळं लिहिलेलं असतं, पेशंटवर काही लिहिलेलं नसतं.

"मग असल्या माणसाला ओळखायचं कसं?" मी विचारलं.

"गोड खात नाहीत," सर म्हणाले. "लहानपणापासून. फळांतली, उसातली साखर हिच्याच जातीची, म्हणून फळं, ऊस, काही नाही. खाल्लं की उलटी होते, म्हणून आपोआपच टाळतात."

मग माझा आवाज चढला, तो पार बाहेर बाकावर ऐकू गेला असणार. "हिराबाईला विचारलंत का कधी, गोड खाते का?"

इतकी वर्षं ह्या माणसाने प्रत्येक बाटलीला विचारलं होतं की तुझ्यात काय आहे. दोन आठवडे मुंबईची दुकानं पालथी घातली होती. आणि ज्या बाईसाठी हे सगळं, ती आमच्या खिडकीपासून जिना चढून गेलं की पहिल्या वॉर्डात होती, तिला एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेला होता. ते वॉर्डात कधी जातच नसत. औषध खिडकीतून बाहेर पडलं की त्यांचं काम संपायचं. बरं, सर्जनना हे सांगितलं असतं तर त्यांनी तरी विचारलं असतं, पण त्या दोघांनी एकमेकांवर ओरडण्यापलीकडे काही केलं नव्हतं. आणि मीही त्यात होतेच.

"सुचलं नाही," सर म्हणाले, आणि जिन्याकडे निघाले.

मी मागोमाग गेले. हिराबाई उताणी पडून छताकडे बघत होती. सर तिच्या खाटेशी जाऊन उभे राहिले आणि नमस्कार केला. मग त्यांनी तिला विचारलं, तुम्ही गोड खाता का? फळं? उसाचा रस?

त्या अवस्थेत तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजून आठवतं. तिला वाटलं, आता आपल्याला काहीतरी खायला देणार. "कलिंगड," ती म्हणाली. "आंबं. आमच्या गावान उनाल्याचं दिसभर कलिंगडच खातू आमी. रसाचा गिलास बी चालंल." आवाज इतका खोल गेला होता की सरांना वाकावं लागलं. उलटी वगैरे होते का, असं त्यांनी विचारलं, तर ती म्हणाली, कलिंगडान कुनाला उलटी व्हते?

सर सरळ झाले. मग बाहेर जाऊन धर्माला म्हणाले, कुठलीही आणा, फक्त रंग बघून आणा. धर्मा पळतच सुटला.

रात्र व्हायच्या आत बाटली आली. सर्जन म्हणाले की मी पहिल्या दिवसापासून हेच सांगत होतो, आणि तेही खोटं नव्हतं. बाटली लागली तशी सर स्टूल घेऊन तिच्याजवळ बसले. थेंब पडताना बघत होते, मधूनच तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. काहीही झालं नाही. बाटली संपेपर्यंत ते हलले नाहीत.

त्यानंतर सर रोज वर जायला लागले. खिडकी पुन्हा माझ्याच गळ्यात, हे ओघानेच आलं. एकदा मी कार्डांवर सही घ्यायला गेले, तर हिराबाई त्यांना विचारत होती की ह्या बाटलीत काय हाय. आख्ख्या हॉस्पिटलमध्ये हे त्यांना आपणहून विचारणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं. सरांनी सगळं सांगितलं. एकेक अमिनो अ‍ॅसिडचं नाव घेतलं, ते शरीरात काय करतं ते सांगितलं. हिराबाईने मध्ये तोंड न घालता ऐकलं. शाळेतल्यासारखं सांगतात म्हणून ती त्यांना मास्तर म्हणायला लागली होती. सगळं संपल्यावर तिने विचारलं, यात मासली हाय का?

सरांनी बराच विचार केला. "मासळीतलंच आहे म्हणा," ते म्हणाले, "फक्त वास काढलेला."

"मंग वास कशाला काडला?" हिराबाई म्हणाली.

पोटातून येणारं पाणी हळूहळू कमी होत गेलं. वाटलं होतं त्यापेक्षा जास्त दिवस लागले. मधे एकदा ताप चढला तेव्हा सगळ्यांनी आशा सोडली होती, सर्जननी धर्माला बाजूला घेऊन तसं सांगितलंही होतं. पण ताप उतरला. पाणी थांबलं. सर्जननी आणखी वाट बघितली, आधी चमच्याने साधं पाणी देऊन पाहिलं, आणि मग एका सकाळी धर्माला सांगितलं की पेज आणा, अगदी पातळ, वरची निवळ.

धर्माने ती घरून करून आणली. उरणहून बसने, ॲल्युमिनियमच्या किटलीत, फडक्यात गुंडाळून. वॉर्डात खाटेभोवती सर्जन, सिस्टर, धर्मा आणि मी. सिस्टरने वाटीत पेज ओतली. चमचा हिराबाईच्या ओठांशी गेला होता, एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि सर धापा टाकत आत आले. एका हातात कार्ड, दुसऱ्या हातात पेन.

तांदूळ कुठला, त्यांनी विचारलं. पाणी किती पट? किती वेळ उकळलीत? मीठ आहे का, असलं तर किती? धर्मा गांगरला. लाल तांदूल हाय घरचा, एवढं म्हणाला आणि अडखळला. सर्जननी दात आवळले. मला त्या क्षणी त्या माणसाच्या हातातलं कार्ड घेऊन टराटरा फाडावंसं वाटलं. जवळजवळ दोन महिने जिने अन्नाचा कण चाखला नव्हता, ती बाई उघड्या तोंडाने चमच्याकडे बघत होती.

"मास्तर," हिराबाई म्हणाली, "पेज हाय ती. पिऊ द्या मना."

सरांचा हात थांबला. त्यांनी हिराबाईकडे बघितलं, वाटीकडे बघितलं. पेन खिशात ठेवलं, कार्ड घडी करून त्याच्यामागे सरकवलं. "द्या," ते सिस्टरला म्हणाले.

ती प्यायली. एक चमचा, मग थांबून दुसरा. सर्जननी तिच्या पोटावर हात ठेवला होता. चार-पाच चमच्यांनंतर सर्जन म्हणाले, आता पुरे, आणि हात काढून घेतला, आणि त्यांचा तो नेहमी चढलेला चेहरा मी पहिल्यांदाच सैल झालेला बघितला. धर्मा खिडकीपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. माझे डोळे भरून आले होते आणि मला ते लपवायचेही नव्हते.

हिराबाईने किटलीकडे बोट दाखवलं, मग सरांकडे. धर्माला कळलं. त्याने झाकणात थोडी पेज ओतली आणि सरांपुढे धरली. आमचे सर कधी कुणाकडचं उघडं काही घेत नसत. त्यांनी झाकण दोन्ही हातांत घेतलं, भिंगाकडे हात गेला नाही, आणि ते एका दमात प्यायले. मग क्षणभर डोळे मिटून जिभेवरची चव बघितली.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

इतकं सगळं होऊन हा माणूस हेच बोलणार होता. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण हिराबाईने आधीच झाकणासाठी हात पुढे केला होता.

"उद्या टाकू," ती म्हणाली.